सूनबाईसाठी केलेली यादी

गेल्या दिवाळीच्या आधी, चकल्यांचे पीठ भिजवून ठेवले असताना, आमच्या सूनबाईने एक वेगळीच मागणी पुढे केली. ती माहेरची गुजराती. जन्म, शिक्षण सारे वडोदऱ्यातच झालेले. चार वर्षांत मराठी तिला चांगले उमजू लागले आहे, देवनागरी ती हिंदीमुळे वाचतेच. बोलताना मात्र अजून एखादे गुजराती क्रियापद मध्येच डोकावते. ती म्हणाली, "आई, तुम्ही सगळे बोलता बोलता कुठल्या तरी सिनेमाचं, नाहीतर पुस्तकाचं नाव घेता आणि एकदम हसता. मी नुसती बघत बसते. मला एक यादी करून द्या ना. फार नको, पाचच."

पाचच! दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात ह्या एका शब्दावरून आठवडाभर वाद चालला. आमच्या यजमानांना 'सामना' हवा होता, धाकट्या दिरांना 'पिंजरा' आणि चिरंजिवांना दोन्ही नको होते. शेवटी यादी मी करायची असे ठरले, कारण मागणी माझ्याकडे आली होती. परक्या प्रांतात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या अनेक मराठी घरांत अशी सून किंवा असा जावई आता येतो. त्यांच्यासाठी कदाचित ही हकीकत उपयोगी पडेल, म्हणून लिहिते.

पहिले नाव लिहिताना हात अडला नाही. 'संत तुकाराम', प्रभातचा, 1936 सालचा. दिग्दर्शक दोघे, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. दोघेही कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. मुंबईत तो एका चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला आणि 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याची वाखाणणी झाली, हे सगळे मी सूनबाईला सांगितले. तिला त्याचे विशेष वाटले नाही. तिला विशेष वाटले ते जिजाईचे. मूल आजारी पडलेले, घरात दाणा नाही आणि नवरा विठ्ठलाच्या नामात दंग. तेव्हा ती संतप्त बाई हातात पायताण घेऊन देवळात देवालाच जाब विचारायला निघते. हा प्रसंग आम्ही लहानपणापासून हसत हसत पाहिला. सूनबाई हसली नाही. "हिचं बरोबर आहे की," ती म्हणाली. "घर कोण चालवणार?" विष्णुपंत पागनीसांच्या चेहऱ्यावरील सात्त्विकतेविषयी मी जे दोन शब्द बोलणार होते ते तसेच राहिले. मग विचार केला, तेव्हा वाटले की ह्या चित्रपटाचे अर्धे बळ त्या गौरी नावाच्या नटीत आहे. तुकोबा आकाशाकडे पाहतात. जिजाई म्हशीकडे, चुलीकडे आणि पोरांकडे पाहते. दोघांपैकी कोणाचीही थट्टा न करता दामले-फत्तेलालांनी दोघांना एका घरात नांदवले आहे. जाता जाता आणखी एक सांगते. ह्या चित्रपटातले बीजावरचे गाणे पुष्कळांना तुकोबांचाच अभंग वाटतो. प्रत्यक्षात ते शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी रचलेले आहे.

दुसरे नाव 'श्यामची आई'. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 1933 साली पुस्तक लिहिले आणि आचार्य अत्र्यांनी 1953 साली त्याचा चित्रपट केला. राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले त्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक ह्या मराठी चित्रपटाला मिळाले. आई झालेल्या वनमालाबाई मूळ ग्वाल्हेरकडच्या, म्हणजे आपल्यासारख्याच महाराष्ट्राबाहेरच्या, ही गोष्ट आपल्या लोकांनी अधिक अभिमानाने सांगायला हवी असे मला वाटते. अधिक काही लिहीत नाही; हा चित्रपट ठाऊक नाही असे मराठी घर विरळाच.

तिसरा 'श्वास', संदीप सावंत यांचा, 2004 साली पडद्यावर आलेला. 'श्यामची आई'नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीला पुन्हा मिळाला तो ह्या चित्रपटामुळे. मध्ये पन्नास वर्षे गेली. कोकणातील आजोबा नातवाला घेऊन शहराच्या इस्पितळात येतात. मुलाच्या डोळ्यांत कर्करोग आहे. शस्त्रक्रियेने जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. शस्त्रक्रियेच्या आधी आजोबा त्याला गुपचूप बाहेर नेतात, जग दाखवायला. अरुण नलावडे आणि बाल कलाकार अश्विन चितळे यांनी एकही अश्रू उगाच ढाळलेला नाही. सूनबाईने हा चित्रपट एकटीने पाहिला आणि दुसऱ्या दिवशी तिच्या माहेरच्या आजोबांना भेटून आली.

चौथे पुस्तक घातले, विष्णुभट गोडशांचे 'माझा प्रवास'. उत्तर हिंदुस्थानातल्या मराठी माणसाने हे वाचले नसेल तर त्याने आपल्या घराण्याचा निम्मा इतिहास वाचला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. कोकणातील वरसईचे हे गरीब भिक्षुक 1857 साली चार पैसे दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीच्या वेढ्यात ते आत होते. पुस्तक 1907 साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केले. त्यात शौर्याची भाषा कमी, भुकेची आणि भीतीची अधिक आहे. म्हणूनच ते खरे वाटते. जुनी भाषा सूनबाईला जड गेली. आम्ही रात्री जेवणानंतर मोठ्याने वाचतो. दहा पाने झाली की ती थांबवते आणि तोपर्यंतची गोष्ट आपल्या शब्दांत पुन्हा सांगते. तिच्या सांगण्यात भटजी थोडे गुजराती होतात, त्याला इलाज नाही.

पाचवे नाव म्हणून मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' लिहिली. वाईट काहीच नव्हते त्यात. मराठीतले ते एक अनमोल आत्मचरित्र आहे. पण यादी देताना मला मनातून ठाऊक होते की पाचव्या जागी मुळात दुसरेच नाव होते आणि ते मी खोडले होते.

ते नाव 'कुंकू'. व्ही. शांताराम यांचा 1937 सालचा चित्रपट, नारायण हरि आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' ह्या कादंबरीवरचा. तरुण नीरेचे लग्न फसवून एका वयस्क विधुर वकिलाशी लावले जाते आणि ती त्याला पती म्हणून मानायचे साफ नाकारते. रडत नाही, पळून जात नाही. त्याच घरात राहून नाकारते. शांता आपट्यांची नीरा आणि केशवराव दात्यांचे काकासाहेब. पार्श्वसंगीताचा आधार न घेता घरातल्या साध्या आवाजांवर हा चित्रपट उभा केला आहे. भिंतीवरचे जुने घड्याळ तर त्यातले एक पात्रच झाले आहे.

हा चित्रपट मी का खोडला? माझ्या आत्येमुळे. आत्येचे लग्न 1934 साली झाले, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि तिचे यजमान एक्केचाळीस वर्षांचे. ते दुसरेपणाचे, संस्थानच्या नोकरीत, माणूस म्हणून अतिशय सज्जन. 'संत तुकारामा'ने भारून गेलेल्या त्या सद्गृहस्थांनी, प्रभातचा नवा चित्रपट गावात लागला एवढेच ऐकून, तोही संतपटच असणार अशा समजुतीने आत्येला तो दाखवायला नेले. तुतारी वाजली, चित्रपट सुरू झाला, आणि दोघे शेवटपर्यंत बसून राहिली. परतताना टांग्यात कोणी बोलले नाही. घरी आल्यावर त्यांनी कोट खुंटीला लावला आणि एवढेच विचारले, "तुला फार त्रास होतो का गं?" आत्येने "नाही" म्हटले. त्यानंतर ती दोघे कधीही चित्रपटाला गेली नाहीत. 1949 साली ते वारले. आत्या तिशीत माहेरी, आमच्या घरी परत आली. ही हकीकत तिने मला 1968 साली, माझ्या लग्नाच्या आदल्या रात्री सांगितली. सांगताना ती हसत होती. "मी खोटं बोलले," ती म्हणाली, "पण खरं सांगून त्या बिचाऱ्यानं तरी काय केलं असतं?"

आता सांगा, हे सगळे सूनबाईला कसे सांगावे? तिच्या माहेरच्या लोकांसमोर आपण सयाजीराव महाराजांच्या सुधारणांच्या, शिकलेल्या मराठी बायकांच्या गोष्टी सांगतो. महाराजांनी बालविवाहाला बंदी करणारा कायदा 1904 सालीच केला, हे आम्ही दहा वेळा ऐकवले असेल. त्याच घरातली ही गोष्ट.

पण सूनबाई हुशार. शांता आपट्यांचे नाव तिने कुठे तरी वाचले आणि 'कुंकू' स्वतःच शोधून काढला. एका दुपारी मी झोपेतून उठले तर ती पडद्यासमोर बसलेली आणि नीरा इंग्रजी कविता गात होती. मी मागे उभी राहिले. चित्रपट संपल्यावर तिने विचारले, "हा यादीत का नाही, आई?" उत्तर टाळता आले असते. टाळले नाही, चहा ठेवला आणि टांग्यापासून सगळे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझ्या नानीची पण अशीच गोष्ट आहे. आमच्याकडेही कुणी बोलत नाही."

त्या दिवशी 'स्मृतिचित्रे' पाचव्यावरून सहाव्या क्रमांकावर गेले. पाचाची अट तिनेच मोडली.

आठवडाभराने तिने माझ्यापुढे एक पुस्तक ठेवले, पन्नालाल पटेलांची 'मानवीनी भवाई', छप्पनियाच्या दुष्काळातील काळू आणि राजूची कादंबरी. "आता माझी यादी," म्हणाली. जन्म वडोदऱ्यात गेला, भाजीवाल्याशी, शेजाऱ्यांशी गुजरातीत बोलत आले; पण गुजराती लिपी मी वाचली ती दुकानांच्या पाट्यांवर, कादंबरी एकही नाही. चष्मा लावून, अक्षर लावत लावत वाचते आहे. अडलेला शब्द विचारायला स्वयंपाकघरात जावे लागते. सध्या साठाव्या पानावर आहे.