रेझिनचा छंद जपा, दाबाचा धोका ओळखा

लग्नातल्या वरमालेची फुले पारदर्शक ठोकळ्यात कायमची जपून ठेवायची, पेंडंट आणि कानातली घडवायची, घड्याळाच्या तबकड्या नि दारावरच्या पाट्या बनवायच्या. हल्ली इपॉक्सी रेझिनच्या या कलेने घराघरांत चांगलेच बस्तान बसवले आहे. अनेक गृहिणींनी आणि कॉलेजातल्या मुलामुलींनी तर या छंदाचा घरगुती व्यवसाय केला आहे. जागा थोडी लागते, साहित्यही फार नाही आणि हौसेला मोल मिळते.

मात्र एक डोकेदुखी सगळ्यांनाच सतावते, ती म्हणजे बुडबुडे. जपून वाळवलेल्या फुलांभोवती हवेचे बारीक ठिपके अडकलेले दिसले, की सारी मेहनत वाया गेल्यासारखे वाटते. गिऱ्हाईकही नाराज होते. मग कुणीतरी सुचवते, ‘साचा दाबाखाली ठेवा, बुडबुडे नाहीसे होतील.’ सल्ला चुकीचा नाही. पण प्रेशर पॉटची किंमत ऐकली की नजर माळ्यावरच्या जुन्या कुकरकडे वळते आणि धोका तिथूनच सुरू होतो.

दाबाने काय साधते?

तापमान तेच असेल, तर दाब जितक्या पटीने वाढेल तितक्या पटीने हवेचे आकारमान कमी होते, असा नियम रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने १६६२ मध्ये मांडला. रेझिनच्या कामात साधारणपणे ४० पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचावर ४० पौंड, इतका दाब वापरतात. बाहेरच्या हवेचा सुमारे १५ पौंडांचा दाब असतोच. दोन्ही मिळून दाब जवळजवळ पावणेचार पट होतो आणि बुडबुडा पाव-तृतीयांश आकाराच्या आसपास येतो. काही हवा रेझिनमध्ये विरघळते, उरलेली डोळ्यांना सहसा दिसत नाही.

मात्र रेझिन पक्के होईपर्यंत दाब कायम ठेवावा लागतो. तो आधीच सोडला, तर बुडबुडे पुन्हा फुगतात. म्हणजेच हे भांडे घरात कित्येक तास, कधी रात्रभर, दाबाखाली राहते. २५ सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर ४० पीएसआयला आतून सुमारे १,४०० किलो जोर पडतो. दोन लहान मोटारींच्या वजनाइतका हा जोर झाकण उडवू पाहत असतो आणि त्याला अडवतात ते फक्त चार-सहा स्क्रू!

कुकर तो कुकरच

घरगुती कुकर चालतो तो दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो दाबावर, म्हणजे १४-१५ पीएसआयवर. रेझिनसाठी लागणारा दाब त्याच्या जवळजवळ तिप्पट आहे. शिट्टीचे वजन आपल्या ठरलेल्या दाबाला उचलले जाते, म्हणून कुकरमध्ये जास्त हवा भरायची तर शिट्टीच बंद करावी लागते. मग पहिले संरक्षण संपले.

‘पण सेफ्टी व्हॉल्व्ह आहे ना?’ असे कुणी म्हणेल. बहुतेक कुकरांच्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये लवकर वितळणारा मिश्रधातू असतो. पाणी आटून कुकर फार तापला, की तो वितळतो आणि वाफेला वाट देतो. कॉम्प्रेसरची हवा मात्र तापलेली नसते. दाब कितीही चढला तरी हा व्हॉल्व्ह वितळणार नाही. कुकरला आयएसआय चिन्ह केंद्र सरकारच्या २०२० च्या आदेशाने सक्तीचे झाले आहे, पण ते चिन्ह स्वयंपाकासाठी आहे, हवा भरण्यासाठी नाही. शिवाय रेझिन लागलेले भांडे पुन्हा अन्नासाठी वापरता कामा नये.

पीव्हीसी पाइपचे भांडे, काचेची बरणी, रंगाचा डबा किंवा कापलेला गॅस सिलिंडर, यांपैकी काहीही चालणार नाही. पीव्हीसी दाबलेल्या हवेने फुटला, तर त्याचे धारदार तुकडे दूरवर उडतात. टाक्यांची चाचणी कारखान्यात शक्यतो पाणी भरून घेतात, कारण पाणी फारसे दाबले जात नाही आणि टाकी फुटली तरी जोर लगेच ओसरतो. दाबलेली हवा मात्र स्प्रिंगसारखी उसळते.

खरेदी करताना

रेझिन कामासाठी खास प्रेशर पॉट मिळतात. रंग फवारणीची प्रेशर टाकीही अनेकजण वापरतात. कोणतेही भांडे घेतले तरी पुढील गोष्टी पाहा.

• टाकीवर पट्टी हवी. तिच्यावर बनवणाऱ्याचे नाव आणि जास्तीत जास्त किती दाब चालेल हे स्पष्ट लिहिलेले असावे. ६० पीएसआय लिहिले असेल तर काम ४० वरच करा.

• सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच. तो पट्टीवरच्या दाबाला किंवा त्याआधीच उघडणारा असावा. टाकी आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये कोणताही कॉक बसवू नका.

• दाब मोजणारे गेज आणि कॉम्प्रेसरवर दाब ठरवणारा रेग्युलेटर, दोन्ही हवेत. आकड्यांचा गोंधळ टाळा. १ किलो म्हणजे सुमारे १४ पीएसआय. ‘४ किलो’ म्हणजे ४० नव्हे, तर ५७ पीएसआय होतात.

• झाकणाचे क्लँप आणि ते अडकतात ते कान नीट तपासा. बारीकशी चीर दिसली तरी टाकी घेऊ नका. जुन्या टाकीत आतला गंज आधी पाहा.

• रंगाच्या टाकीतली आतली नळी काढावी लागते. ते तोंड आट्यांच्या, तितकाच दाब सोसणाऱ्या धातूच्या बुचानेच बंद करा. टाकीला नवे भोक किंवा वेल्डिंग अजिबात करू नका.

वापरताना

समोरासमोरचे स्क्रू जोडीने, सारखे आवळा. रेग्युलेटर शून्यावर ठेवून सुरुवात करा आणि हवा हळूहळू भरा. झाकणावर वाकू नका, चष्मा लावा. भांडे जमिनीवर, मुलांच्या वावरापासून, उन्हापासून आणि गॅसपासून दूर ठेवा. काम संपल्यावर हवा व्हॉल्व्हमधून सावकाश सोडा. गेज शून्यावर आले, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे आणि हवेचा आवाज थांबला, हे तिन्ही पाहिल्यावरच स्क्रू सैल करा. कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेले पाणीही नियमित काढा, नाहीतर ती आतून गंजते.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. सिलिकॉनच्या साच्यातच बुडबुडे असतील, तर दाबाखाली ते आक्रसतात आणि वस्तूवर बारीक पुटकुळ्या येतात.

खरेच गरज आहे का?

कोस्टर, किचेन, फ्रेम यांसाठी बहुधा प्रेशर पॉट लागतच नाही. रेझिनची बंद बाटली थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवा, म्हणजे रेझिन पातळ होईल. हार्डनर घातल्यावर फेटू नका, सावकाश ढवळा. बारीक धारेने ओता. पृष्ठभागावर आलेले बुडबुडे हीट गनच्या हलक्या झोताने फुटतात. फुले सिलिका जेलमध्ये पूर्ण वाळवा आणि आधी त्यांना रेझिनचा पातळ हात द्या, कारण पाकळ्यांत अडकलेली हवाच पुढे त्रास देते. जाड ठोकळ्यासाठी सावकाश घट्ट होणारे, खोल ओतण्याचे रेझिन घ्या. हातात नायट्राइलचे मोजे घाला आणि खिडक्या उघड्या ठेवा.

इतके करूनही ठोकळ्यात बुडबुडे राहत असतील आणि कामाचा व्याप वाढला असेल, तरच प्रेशर पॉटचा विचार करा. दुकानदाराला पहिला प्रश्न विचारा, ‘ही टाकी किती दाबाला तपासलेली आहे?’ त्याला उत्तर देता आले नाही, तर कितीही स्वस्त असली तरी ती टाकी घरी आणू नका.