निळी रेषा, लाल रेषा: प्लॉट घेण्याआधी वाचा

नदीकाठी प्लॉट घेताय? मग सातबाऱ्यासोबत पूररेषेचा नकाशाही मागा.

जलसंपदा विभाग नदीच्या दोन्ही काठांना दोन रेषा आखतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो, ती निळी. १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, ती लाल. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा: तिथे शेती, बाग, मोकळं मैदान चालतं, नवीन घर नाही. निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा. तिथे अटींवर परवानगी मिळते, पण जोतं लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर उंच हवं. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत या दोन्ही पट्ट्यांचे नियम आहेत.

‘२५ वर्षांतून एकदा’ म्हणजे यंदा आला, आता २४ वर्षं निवांत, असं मुळीच नाही. दरवर्षी ४ टक्के शक्यता असते. लागोपाठ दोन वर्षंही पूर येऊ शकतो.

संभाजीनगरात खाम नदीचा काठ बांधकामांनी किती आवळला गेला, ते पाणचक्कीजवळ उभं राहून पाहा. आपल्या सिल्लोड तालुक्यातल्या पूर्णेकाठी अजून मोकळी जागा आहे. इसार देण्याआधी नगररचना कार्यालयात एक चक्कर नक्की मारा.