विमानाच्या नाकावरची चीर

हँगरमधून छोटं विमान बाहेर काढायचं असलं, की मदतीला आलेला पाहुणा हमखास चुकीच्या जागी हात लावतो. पंखाच्या कडेवर जोर देऊ नये, शेपटीच्या हलत्या भागांना धरू नये, एवढं त्याला कुणीतरी बजावलेलं असतं. मग समोर दिसतो तो नाकावरचा गुळगुळीत, चकचकीत शंकू. तळहात टेकवायला याहून सोयीची जागा नाही. मालक ओरडेपर्यंत ढकलून झालेलं असतं. म्हणून पुष्कळ जण त्या शंकूवरच ‘ढकलू नका’ अशी पट्टी चिकटवून ठेवतात.

हा शंकू म्हणजे स्पिनर. प्रोपेलरची पाती जिथं एकत्र येतात त्या जाडजूड हबवर बसवलेलं पातळ कवच. समोरून येणारा वारा दुभंगून इंजिनाच्या कवचाला दोन बाजूंना असलेल्या हवेच्या तोंडांकडे वळवायचा, हबभोवतीचा खळबळाट कमी करायचा आणि विमान देखणं दिसू द्यायचं, ही त्याची कामं. देखणेपण मी शेवटी लिहिलं. घरी विमान बांधणाऱ्या माणसाला विचारलं तर तो बहुधा ते आधी सांगेल.

वाऱ्याला वाट देण्याचं काम वाटतं तेवढं सोपं नसतं. पहिल्या महायुद्धातल्या मोरान-सोल्निए ‘एन’ या फ्रेंच लढाऊ विमानाला एवढा मोठा धातूचा स्पिनर बसवला होता, की इंजिनाला हवाच पुरेना आणि ते तापू लागलं. 1915 मध्ये तो काढून टाकावा लागला. आजच्या बांधणाऱ्यांपुढचा प्रश्न मात्र वेगळा आहे. त्यांचा स्पिनर हवा नीट वळवतो, दिसतोही छान, आणि शंभर-दोनशे तासांत चिरतो.

स्वतःचं विमान स्वतः बांधण्याचा छंद जगात सगळ्यात जास्त रुजला तो अमेरिकेत. 1953 मध्ये पॉल पोबरेझ्नी यांनी विस्कॉन्सिनमध्ये एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन स्थापन केली. तिचा ऑशकॉशचा उन्हाळी मेळा आज या मंडळींची पंढरी आहे. ओरेगनमधल्या रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांच्या कंपनीची ‘आरव्ही’ मालिकेतली विमानं तर घरगुती गॅरेजांमधून हजारोंनी उडाली. आपल्याकडे हा छंद दुर्मीळच. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर विमान उभं करणारे कॅप्टन अमोल यादव मराठी वाचकांना ठाऊक आहेत. 2016 च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते विमान लोकांनी पाहिलं, पण नोंदणीसाठी 2017 आणि उड्डाणाच्या परवान्यासाठी 2019 उजाडलं. अमेरिकेत वाट बरीच सरळ आहे. विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसानं शिकण्यासाठी किंवा करमणुकीसाठी बांधलेला असला, की त्याला प्रायोगिक वर्गात नोंदणी मिळते. बांधणाऱ्याला त्या एका विमानापुरतं दुरुस्तीचं प्रमाणपत्रही मिळतं आणि वर्षातून एकदा करायची तपासणी तो स्वतः करू शकतो. कारखान्यात बनलेल्या विमानाचा स्पिनर तडकला तर उत्पादकाच्या पुस्तकात काय मुभा आहे ते बघावं लागतं, आणि बऱ्याचदा तिथं ‘बदला’ एवढंच सापडतं. घरी बांधलेल्या विमानाचा मालक स्वतः ठरवतो. चूक करायला तो मोकळा असतो, असंही म्हणता येईल.

स्पिनरचे भाग मोजके. पुढचा घुमट, हबच्या मागे बोल्टांनी घट्ट बसणारी ॲल्युमिनियमची मागची तबकडी, आणि पुष्कळ रचनांमध्ये घुमटाला आतून आधार देणारी छोटी पुढची तबकडी. घुमटाला पात्यांसाठी खाचा कापलेल्या असतात. पात्याच्या मागे उरलेली मोकळी जागा बुजवायला लहान पट्ट्या असतात. घुमट मागच्या तबकडीच्या दुमडलेल्या कडेवर स्क्रूंनी बसतो आणि स्क्रूंचे आटे त्या कडेला आतून रिव्हेट केलेल्या नटप्लेटमध्ये असतात. घुमट फायबरग्लासचा असतो किंवा ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियमचा घुमट पत्र्याची चकती लेथवर फिरत्या साच्यावर दाबून घडवतात, आपल्याकडे ॲल्युमिनियमची पातेली घडवतात तसाच. या घडणीत पत्रा काही ठिकाणी पातळ होतो आणि ताणला गेल्यामुळे कडकही.

आता या पातळ कवचावर काय गुदरतं ते पाहू. चार सिलिंडरचं 180 अश्वशक्तीचं लायकॉमिंग इंजिन पूर्ण जोरात मिनिटाला 2,700 फेरे फिरतं. चार स्ट्रोकच्या या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात, म्हणजे सेकंदाला 90 धक्के. ते क्रँकशाफ्टमधून थेट प्रोपेलरला आणि त्याच्या जोडीनं स्पिनरला बसतात. विमान 2,400 फेऱ्यांवर निवांत चाललं असलं तरी तासाला 2,88,000 धक्के होतात. दहा तासांत जवळजवळ 29 लाख. पोलाद ठरावीक मर्यादेखालचा ताण कितीही वेळा सोसू शकतं. ॲल्युमिनियमला अशी लक्ष्मणरेषा नाही. ताण लहान असला तरी पुरेशा वेळा आला, की ते थकतं आणि चिरतं.

धक्क्यांच्या जोडीला फिरण्याचा जोर. 13 इंच व्यासाच्या स्पिनरची कड 2,700 फेऱ्यांवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 1,300 पट जोरानं बाहेर फेकली जात असते. तिथं पाच ग्रॅमचा स्क्रू आणि वॉशर असेल तर तो साडेसहा किलोचा झाल्यासारखा बाहेर ओढतो. हा ओढा सगळीकडे सारखा असेल तर घुमट तो सहज पेलतो. घुमट जरा तिरका बसला, एका बाजूला पुट्टी जास्त झाली किंवा रंगाचा थर जाड झाला, की ओढा एकतर्फी होतो आणि सगळं प्रकरण थरथरू लागतं.

चीर कुठून सुटेल याचा अंदाज बांधणं त्यामुळे अवघड नसतं. पात्याच्या खाचेचा कोपरा हा पहिला संशयित. काटकोनात कापलेल्या कोपऱ्यात ताण गोळा होतो, गोलाईत कापलेल्या कोपऱ्यात तो पसरतो. 1954 मध्ये ब्रिटनच्या कॉमेट जेट विमानांच्या अपघातांनंतर धातूचा थकवा साऱ्या जगाला कळला, आणि तिथंही तडे कवचातल्या भोकांच्या कोपऱ्यांपाशीच सुटले होते. स्पिनरच्या खाचेचा कोपरा निदान सहा-सात मिलिमीटर त्रिज्येचा असावा, त्यावर कानशीचा एकही आडवा ओरखडा राहू नये आणि शेवटचा हात बारीक पॉलिश पेपरचा असावा. कानशीचे ओरखडे कडेला समांतर राहिले तर चालतात. आडवे राहिले तर प्रत्येक ओरखडा चिरेला आयतं आमंत्रण असतो.

दुसरी जागा स्क्रूची भोकं. भोक कडेच्या फार जवळ पाडलेलं असतं, किंवा ते तबकडीच्या भोकाशी जुळलेलं नसतं आणि स्क्रू जुलमानं ओढून बसवलेला असतो. असा स्क्रू आवळला की घुमट जन्मभर वाकलेला राहतो आणि धक्के त्या वाकावर बसतात. फायबरग्लासच्या घुमटात स्क्रूचं तिरकं डोकं पाचरीसारखं भोक फाकवतं, म्हणून जाणकार प्रत्येक स्क्रूखाली तिरक्या बैठकीचा वॉशर घालतात. तिसरी जागा मागच्या तबकडीची दुमड, जी घुमट काढल्याशिवाय दिसतच नाही. आणि चौथं कारण म्हणजे तो ढकलणारा हात. त्यानं एकदम काही फुटत नाही. तबकडी किंचित वाकते, घुमट किंचित डगमगू लागतो, आणि पुढचं काम इंजिन करतं.

स्पिनरचं मरण बहुतेक वेळा स्पिनरमध्ये नसतं, असं मला या सगळ्यावरून वाटतं. चीर तिथं दिसते, कारण तो नाकावर आहे आणि पातळ आहे. मूळ दोष जोडणीत, तोलात किंवा वापरात असतो. म्हणून चीर बुजवायला बसण्याआधी डगमग मोजणं हे खरं पहिलं काम. प्रोपेलरला हात लावण्याआधी स्पार्क प्लगना वीज पुरवणारे मॅग्नेटो बंद आहेत याची खात्री करायची, प्रत्येक सिलिंडरचा एकेक स्पार्क प्लग काढायचा, चाकांना अटकाव लावायचा आणि शेपूट बांधायची. मॅग्नेटोची अर्थिंगची तार तुटलेली असेल तर चावी बंद असतानाही इंजिन सुरू होऊ शकतं, आणि ही खबरदारी न घेतल्यानं माणसं दगावली आहेत. मग स्पिनरच्या टोकासमोर जमिनीवर एक स्टँड ठेवायचा, त्याची सुई टोकाला जेमतेम टेकेल अशी धरायची आणि प्रोपेलर हातानं सावकाश फिरवायचा. सुई आणि टोक यांमधली फट वाढते-घटते तेवढी डगमग. काळजीनं बांधणारे ती दीड मिलिमीटरच्या आत आणतात. हीच मोजणी घुमट काढून मागच्या तबकडीच्या कडेवर पुन्हा करायची. तबकडी सरळ आणि घुमट वाकडा, की दोन्ही वाकडे, हे तेव्हाच कळतं.

त्यानंतर पात्यांभोवतीची फट. पात्यांचा कोन उडताना बदलता येतो अशा प्रोपेलरमध्ये पात्याचं बूड खाचेत वळत असतं. त्याला कोनाच्या दोन्ही टोकांपर्यंत पाच-सहा मिलिमीटर मोकळं हवं. कमी ठेवलं तर पातं कड घासतं, जास्त ठेवलं तर खाच मोठी होते आणि घुमट दुबळा होतो. या दोन टोकांमध्ये बांधणाऱ्याची सगळी चिकाटी पणाला लागते. खाच एकदम मापात कापणारा माणूस विरळा. शहाणे आधी पुठ्ठ्याचा साचा करतात आणि मग कानशीनं मिलिमीटर-मिलिमीटर पुढे सरकतात.

तोल पाहायला आता यंत्र मिळतं. इंजिनाच्या पुढच्या भागावर कंपनमापक बसवतात, एका पात्यावर परावर्तक पट्टी चिकटवतात आणि इंजिन चालवून कंपन सेकंदाला किती इंच वेगाचं आहे ते बघतात. 0.2 च्या पुढे गेलं तर सुधारायला हवं, 0.07 पर्यंत आणलं तर झकास. तोल साधायला वजनं बहुधा मागच्या तबकडीवरच्या भोकांत बोल्ट-वॉशर घालून लावतात. म्हणजे स्पिनर काढला की तोल बिघडतो, आणि घुमट परत बसवताना तो जुन्याच जागी बसायला हवा. म्हणून घुमट, तबकडी आणि एका पात्याचं बूड यांवर जुळणारी खूण करून ठेवतात. ही खूण विसरून ‘कसाही बसतोय की’ म्हणणारे लोक दर उन्हाळ्यात नवा घुमट मागवतात.

चीर शोधायची तऱ्हा घुमट कशाचा आहे त्यावर ठरते. ॲल्युमिनियमच्या घुमटावर स्क्रूभोवती राखाडी-काळसर डाग दिसले, की तिथं धातू धातूवर घासतोय असं समजावं. संशयित जागा स्वच्छ करून लाल रंगद्रव्य लावतात, ते मुरू देतात, पुसून काढतात आणि पांढरी पूड फवारतात. चीर असली तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. फायबरग्लासवर पहिला प्रश्न असतो तो रंग चिरलाय की कापड. घुमट अंधारात आणून आतून बॅटरी धरली, की ज्या ठिकाणी थर सुटलेत किंवा तंतू तुटलेत तिथं दुधट पांढरा पट्टा दिसतो. नाण्यानं टकटक केली तर सुटलेल्या थरावर आवाज बद्द येतो.

फायबरग्लासची दुरुस्ती त्यातल्या त्यात समाधानाची. चिरेच्या दोन्ही टोकांना साधारण तीन मिलिमीटरचं भोक पाडायचं. टोकाची अणकुची सूक्ष्म असते आणि तिथंच ताण एकवटतो. गोल भोकाभोवती तो पसरतो. डोळ्यांना दिसतं त्याच्या थोडं पुढे भोक घ्यावं, कारण चीर दिसण्याच्या पुढे गेलेली असते. मग आतल्या बाजूचा रंग आणि चकाकी घासून काढायची आणि काचेच्या कापडाचे दोन-तीन थर इपॉक्सीत भिजवून लावायचे. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा मोठा, आणि तंतू चिरेला आडवे जातील असा. मूळ घुमट पॉलिएस्टरचा असला तरी त्यावर इपॉक्सी छान धरतं. इपॉक्सीवर पॉलिएस्टर मात्र नीट धरत नाही. बाहेरून चीर उतरत्या कडांची करून त्यात इपॉक्सीत कालवलेले कापसाचे बारीक तंतू भरायचे. बाजारातली हलकी पुट्टी तिथं भरली तर ती पहिल्याच महिन्यात रेघ दाखवते. ठिगळाचं वजन करून ठेवावं. दहा ग्रॅमचं ठिगळ कडेजवळ असेल तर पूर्ण वेगात तेरा किलोचा एकतर्फी ओढा होतो, म्हणून समोरच्या बाजूला तेवढंच वजन द्यावं आणि तोल पुन्हा मोजून घ्यावा.

ॲल्युमिनियमच्या बाबतीत माझं मत सरळ आहे: चिरेच्या टोकाला भोक पाडणं म्हणजे नवा घुमट येईपर्यंत मिळवलेली मुदत. वेल्डिंगनं आजूबाजूचा धातू मऊ पडतो आणि घुमट वाकडा होतो. आतून पत्र्याचं ठिगळ रिव्हेट करता येतं, पण प्रत्येक रिव्हेटचं भोक ही नवी चीर सुटायची जागा असते. खाचेच्या कोपऱ्यापासून स्क्रूच्या भोकापर्यंत धावलेली चीर असेल, किंवा मागच्या तबकडीच्या दुमडीत काहीही दिसलं, तर दुरुस्तीचा विषयच नाही. घुमट उडाला तर तुकडे पात्यांवर किंवा वैमानिकापुढच्या काचेवर येऊ शकतात, आणि उरलेला अर्धा घुमट इंजिनाला बेतोल खेचत राहतो.

नवा घुमट बसवताना मागच्या तबकडीच्या कडेवर पातळ, निसरडी प्लॅस्टिक पट्टी चिकटवली तर घासण्याचं प्रमाण घटतं. पुढची तबकडी घुमटाला सगळीकडे हलकी टेकायला हवी; सैल असेल तर आधार नाही, घट्ट असेल तर घुमट आतून फुगतो. जुन्या घुमटाच्या भोकांवरून नव्या घुमटाची भोकं आखायचा मोह टाळावा, कारण न जुळणारी भोकं पुष्कळदा तशीच नव्यात उतरतात. तबकडी जुनीच ठेवायची असेल तर तिची डगमग मोजून सरळ करून घ्यावी, किंवा तीही बदलावी. पहिल्या उड्डाणानंतर घुमट काढून आतून पाहावा, पाच-दहा तासांनी पुन्हा, आणि विमानाच्या नोंदवहीत तारखेसह लिहून ठेवावं.