पाण्याचा हिशेब तासांत

पाणीपुरवठा आणि स्वच्छतेच्या योजना यशस्वी झाल्या की नाहीत, हे आपल्याकडे दोन मापांनी ठरते. नळजोडण्या आणि शौचालये किती बांधली, हे एक. जुलाब, कावीळ, टायफॉईड किती कमी झाले, हे दुसरे. पहिले माप प्रशासनाच्या सोयीचे, दुसरे आरोग्य खात्याच्या. त्या घरात पाणी भरणाऱ्या बाईचे दिवसातले किती तास मोकळे झाले, हे मात्र कुठल्याच फलकावर लिहिलेले नसते. माझे म्हणणे असे की बायकांच्या बाजूने पाहिले तर हेच पहिले माप आहे. ते लावले तर काही योजना कागदावर दिसतात त्याहून यशस्वी ठरतील आणि काहींचे पितळ उघडे पडेल.

साधे गणित करू. जलजीवन मिशनने ग्रामीण माणसामागे दिवसाला ५५ लिटर पाणी हे किमान प्रमाण धरले आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर लागतात. हंड्यात पंधरा लिटर मावतात असे धरले, तर रोज अठरा हंडे झाले. विहिरीवरून किंवा हातपंपावरून डोक्यावर अठरा हंडे रोज कोणी आणू शकत नाही. म्हणजे लांबून पाणी आणणारे घर कमी पाण्यात भागवते, आणि काटकसर सुरू होते ती आंघोळीपासून, कपड्यांपासून, पाळीच्या कापडापासून. खेपा घालणारी कोण, याबद्दल तर जगभर एकच चित्र आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२३च्या अहवालानुसार, ज्या घरांत आवारात पाणी नाही त्यांतल्या दहापैकी सात घरांत ते आणण्याची जबाबदारी बायकामुलींवर असते. आपल्याकडच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर पुरुष ९७ मिनिटे. आणि पुरुष पाणी आणू लागतो तो बहुतेकदा मोटारसायकलला कॅन अडकवून किंवा बैलगाडीवर पिंप ठेवून. चुंबळ त्याच्या वाट्याला क्वचितच येते.

या पार्श्वभूमीवर गेल्या काही वर्षांतला बदल लहान म्हणता येणार नाही. ऑगस्ट २०१९मध्ये जलजीवन मिशन जाहीर झाले तेव्हा देशातल्या ग्रामीण घरांपैकी जेमतेम १७ टक्के, म्हणजे ३ कोटी २३ लाख घरांत नळ होता. २०२५ उजाडेपर्यंत सरकारी आकडा १५ कोटींपुढे गेला. सर्व ग्रामीण घरांत नळ पोहोचला तर देशात रोज साडेपाच कोटी तासांचे पाणी भरण्याचे श्रम वाचतील आणि त्यात मोठा वाटा स्त्रियांचा असेल, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२३चा अंदाज आहे.

इथे व्यवहारी माणूस एक प्रश्न विचारतो: हे वाचलेले तास बाई करते काय? ती कमावती होते का? प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असेच आहे. मोरोक्कोतल्या टँजियर शहरात घरगुती नळजोडणीसाठी कुटुंबांना कर्ज आणि कागदपत्रांची मदत देऊन काय घडते, याचा नेटका अभ्यास झाला. तो २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. या कुटुंबांना आधी सार्वजनिक नळावर पाणी फुकट मिळत होते. घरच्या नळासाठी पूर्ण पैसे मोजावे लागणार होते, तरी मदत मिळालेल्यांपैकी सुमारे ६९ टक्के घरांनी जोडणी घेतली. त्यानंतर पाण्यामुळे होणारे आजार कमी झाले नाहीत, कारण सार्वजनिक नळाचे पाणीही चांगलेच होते. उत्पन्नही वाढले नाही. वेळ मात्र वाचला, तो विश्रांतीत आणि माणसांना भेटण्यात गेला, पाण्यावरून होणारी भांडणे कमी झाली आणि कुटुंबे आपल्या आयुष्याबद्दल अधिक समाधानी झाली. नऊ विकसनशील देशांच्या आकडेवारीवर झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासातही पाणी जवळ आल्यामुळे बायका शेताबाहेरच्या रोजगारात गेल्याचा पुरावा मिळाला नाही. मुलामुलींच्या शाळेतल्या हजेरीत मोठी तफावत होती तिथे मुले शाळेत जाण्याचे प्रमाण मात्र वाढलेले दिसले.

यावरून ‘मग फायदा काय’ असे म्हणणारा माणूस विश्रांतीला फायदा मानत नाही, एवढेच सिद्ध होते. पुरुषाला रविवारची सुट्टी देताना त्या दिवशी तो किती कमावतो, असे कोणी विचारत नाही. गावात बायकांना जमेल असे काम नसेल, बस नसेल, लहान मूल सांभाळायला कोणी नसेल, तर नुसत्या नळाने रोजगार उभा राहणार नाही, आणि नळाकडून ती अपेक्षा ठेवणेही चुकीचे. पण काम उपलब्ध झाले तरी ते घेण्यासाठी हातात आधी वेळ असावा लागतो. तेवढे नळ करतो.

टँजियरच्या या निष्कर्षाने आणखी एक गोड समजूत मोडीत निघते. पाणवठा ही बायकांची भेटण्याची, मन मोकळे करण्याची जागा आहे आणि नळ आला की ती जाते, असे हळहळून लिहिणारे आपल्याकडे बरेच आहेत. लिहिणाऱ्यांच्या डोक्यावर हंडा नसतो, हे सोडून देऊ. टँजियरमध्ये घरी नळ आल्यावर भेटीगाठींना वेळ वाढला, घटला नाही. शिवाय आपला पाणवठा सर्वांचा कधीच नव्हता. जोतीराव फुल्यांनी १८६८मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ही घटना इतिहासात नोंदवावी लागली, आणि महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, यातच काय ते आले. विहिरीच्या काठावर उभे राहून दुसऱ्या कोणीतरी वरून पाणी ओतण्याची वाट पाहणाऱ्या बाईला स्वतःच्या दारातल्या तोटीचा अर्थ निव्वळ अंतर वाचण्यापुरता नसतो.

मात्र तोटी म्हणजे पाणी नव्हे. एक दिवसाआड, चार दिवसांनी, कुठे आठ-दहा दिवसांनी येणारे पाणी ही महाराष्ट्रातल्या अनेक गावांची आणि छत्रपती संभाजीनगरसारख्या मोठ्या शहराचीही नित्याची कथा झाली आहे. पाणी पहाटे तीनला सुटेल की दुपारी दोनला, हे व्हॉल्व्हमनच्या हातात. त्या दिवशी घरात कोणीतरी थांबावे लागते, आणि तो ‘कोणीतरी’ कोण हे सांगायला नको. कामाचा खाडा तिचा होतो. मोटार लावणे, पिंपे, टाक्या, हंडे, अगदी तांबेसुद्धा भरून ठेवणे, हे तिचेच काम. तासांचे माप लावले की हा नळ अर्धाच भरतो. थांबून थांबून येणारे पाणी आरोग्यालाही घातक असते, कारण रिकाम्या नळांत दाब नसतो आणि आजूबाजूचे सांडपाणी फटींतून आत शिरते. हुबळी-धारवाडमध्ये चोवीस तास पाण्याचे आणि ठरावीक वेळी पाण्याचे असे दोन्ही भाग तपासले गेले, तेव्हा दुसऱ्या प्रकारात पाणी दूषित असण्याचे प्रमाण स्पष्टपणे जास्त आढळले. चोवीस तास पाणी ही फक्त श्रीमंत शहरांची चैन आहे, असे म्हणणाऱ्यांनी कराडशेजारचे मलकापूर पाहावे. त्या लहानशा गावाने मीटर बसवून आणि वापरानुसार पट्टी आकारून ते करून दाखवले.

पाण्याचे अंतर हे नेहमी भूगोलाचेच असते असेही नाही. मुंबईला पाणी देणारी भातसा आणि तानसा ही धरणे ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. धरण डोळ्यांसमोर आणि हंडा रिकामा, ही स्थिती पावसाने आणलेली नाही. पाणी कोणाकडे वळवायचे, हा निर्णय माणसांनी घेतलेला आहे. तो बदलूनही घेता येतो. गोरेगावात मृणाल गोरे यांनी ते केले आणि लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ हे नाव दिले.

आता शौचालयाकडे वळू, कारण इथे आक्षेप अधिक धारदार आहेत. २ ऑक्टोबर २०१४ला स्वच्छ भारत मिशन सुरू झाले, पाच वर्षांत दहा कोटींहून अधिक शौचालये बांधली गेली आणि २ ऑक्टोबर २०१९ला ग्रामीण भारत हागणदारीमुक्त जाहीर झाला. त्याच सुमारास झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मात्र देशातली सुमारे १९ टक्के कुटुंबे अजून कोणतेही शौचालय वापरत नव्हती. आरोग्याच्या मापावर तर निकाल आणखी निराश करणारा आहे. ओडिशातल्या शंभर गावांत झालेल्या चाचणीत, योजना राबवलेल्या गावांतली शौचालये ९ टक्के घरांवरून ६३ टक्क्यांपर्यंत गेली, पण लहान मुलांचे जुलाब कमी झाले नाहीत. २०१४मध्ये हे निष्कर्ष आले तेव्हा शौचालयांवरचा खर्च वाया गेला, असे म्हणणारे पुढे आले.

त्यांचे म्हणणे एका अर्थाने खरे आहे. गावातल्या थोड्या लोकांनी जरी उघड्यावर जाणे चालू ठेवले, तरी जंतू सगळ्यांच्या पायांनी घरात येतात. अर्ध्या यशाला आरोग्यात फळ नाही. बाईच्या बाबतीत मात्र अर्धे यशही तिच्यापुरते पूर्ण असते. शेजारी बाहेर जात असला तरी तिला उजाडण्याआधी आणि अंधार पडल्यावरच परसाकडे जाण्याची सक्ती उरत नाही. दिवसभर रोखून धरणे, त्यासाठी पाणी आणि जेवण कमी घेणे, त्यातून मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता हे सगळे मुलांच्या जुलाबांच्या तक्त्यात दिसत नाही. ओडिशातच गर्भवतींवर झालेल्या एका अभ्यासात उघड्यावर जाणाऱ्या स्त्रियांमध्ये वेळेआधी प्रसूती आणि कमी वजनाचे बाळ यांचा धोका जास्त आढळला. राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या आकड्यांवरून असेही दिसले की उघड्यावर जाणाऱ्या स्त्रियांवर परक्या पुरुषाकडून लैंगिक अत्याचार होण्याची शक्यता घरात शौचालय असलेल्यांच्या सुमारे दुप्पट असते. हे संबंध दाखवणारे अभ्यास आहेत, कारण सिद्ध करणारे नव्हेत, आणि अत्याचाराचा दोष अत्याचार करणाऱ्याचाच. पण अंधारात एकटीने जाण्याचा प्रसंग टळला तर धोका कमी होतो, हे समजायला संशोधकाची गरज नाही.

इथेच पाणी आणि शौचालय हे दोन विषय एकत्र येतात, आणि सरकारी नियोजनात नेमके इथेच ते वेगळे राहिले. ग्रामीण भागासाठी सुचवलेल्या तीव्र उताराच्या भांड्याला दीड-दोन लिटर पाणी पुरते. दुकानातून आणलेल्या साध्या भांड्याला बादली लागते. पाच माणसे, प्रत्येकी एक-दोन बादल्या, शिवाय धुण्याचे पाणी. नळ नसलेल्या घरात शौचालय बांधले की खेपांची संख्या वाढते आणि त्या वाढीव खेपा तिच्याच डोक्यावर येतात. मग घरातले पुरुष टमरेल घेऊन बाहेर जातात आणि शौचालयात सरपण भरले जाते. ‘लोकांना सवयच नाही’ असे म्हणताना ही बाजू विसरली जाते.

सवयीचा मुद्दा खोटा आहे असे नाही. २०१४मध्ये उत्तरेकडच्या पाच राज्यांत झालेल्या पाहणीत, चालू स्थितीतले शौचालय असलेल्या ४० टक्क्यांहून अधिक घरांत किमान एक जण बाहेरच जात होता, आणि त्यांत पुरुष अधिक होते. याला आपल्या प्रचाराचाही हातभार लागला. ‘सुनेची अब्रू घरात ठेवा’ या थाटाच्या घोषणांनी शौचालय हे बायकांसाठी, झाकण्यासाठी आहे असे ठसवले आणि पुरुषांना आपोआप सूट मिळाली. पडद्याच्या नावाने मागितलेली सोय पडदाच घट्ट करते. बाईला शौचालय हवे ते ती माणूस आहे म्हणून, घराण्याची लाज आहे म्हणून नव्हे.

अब्रूच्या युक्तिवादाची खरी परीक्षा घराबाहेर होते. अब्रू घरात ठेवायची असेल तर बाजारात, एसटी स्टँडवर, शेताच्या बांधावर शौचालय कशाला? मुंबईत पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना मात्र पैसे, या व्यवहाराविरुद्ध २०११च्या सुमारास ‘राईट टू पी’ चळवळ उभी राहिली, तेव्हा अनेकांना नावाचेच हसू आले. ऊसतोड कामगारांची स्थिती त्याहून बिकट. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पाळीमुळे किंवा दुखण्यामुळे बाईचा खाडा झाला तरी दंड जोडीला. फडाजवळच्या कोप्यांत न्हाणी नाही, शौचालय नाही, स्वच्छ पाणी नाही. राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या २०१९च्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. यामागे दंडाची भीती, खासगी दवाखान्यांची कमाई, लहान वयातले लग्न अशी अनेक कारणे आहेत. नुसत्या शौचालयाने हे थांबणार नाही. पण पाणी आणि आडोसा नसलेल्या जागी सहा-सहा महिने राहायला लावून वारंवार होणाऱ्या जंतुसंसर्गाचा दोष बाईच्या शरीरावर टाकायचा, हे क्रौर्य आहे.

शाळेबाबतही तारतम्य हवे. पाळीमुळे मुली शाळा सोडतात असे सरसकट म्हटले जाते. नेपाळमधल्या एका काटेकोर अभ्यासात पाळीमुळे बुडणारे दिवस अगदी थोडे निघाले. भारतातल्या शाळांच्या आकडेवारीवरून मात्र एक गोष्ट पुढे आली आहे: लहान वयात कोणतेही शौचालय असले तरी पटसंख्या वाढते, वयात येणाऱ्या मुलींची संख्या मात्र त्यांच्यासाठी स्वतंत्र शौचालय बांधल्यावरच वाढते. कडी आणि पाणी असलेले, असे त्यात मी माझ्याकडून जोडेन.

पैसा कुठून आणायचा, हा शेवटचा आक्षेप. पाणीपट्टी वाढवली की गावात ओरड होते, म्हणून ती वाढत नाही. मग मोटार जळाली की दुरुस्तीला पैसे नसतात, योजना बंद पडते आणि हंडे पुन्हा निघतात. म्हणजे खर्च टळत नाही, तो बाईच्या श्रमांतून वसूल होतो. घरात पाणी येणार असेल तर कुटुंबे पैसे भरायला तयार असतात, हे टँजियरने दाखवले. बाईला तिचे मत विचारण्याची सोय आपल्या कायद्यात आहे: महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी तुमच्या गावात महिला सभा होईल तेव्हा नळजोडण्यांचा आकडा वाचून दाखवू देऊ नका. पाणी किती वाजता येते, किती वेळ येते, ते भरायला कोणाला थांबावे लागते आणि गावातल्या शाळेच्या, बाजाराच्या शौचालयाला पाणी आहे का, एवढे चार प्रश्न विचारा आणि उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या.