बायोनिक हाताला धागा बांधता येईल?

फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून मी बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या एम.टेक.ला गेले, तेव्हा मंडळातल्या अनेकांनी विचारलं, "म्हणजे नेमकं काय शिकतेस?" शहापूरला घरी मामांनी हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारला.

बेळगावचं शहापूर म्हणजे विणकरांची वस्ती. आमच्याही घरी माग आहेत. मामा निपाणीकडचे. गुऱ्हाळाच्या घाण्यात त्यांचा उजवा पंजा मनगटासकट गेला. तेव्हापासून ते आमच्याकडे असतात, डाव्या हाताने कांड्या भरतात. बायोनिक हाताबद्दल ऐकून ते म्हणाले, "हात चांगला हाय गं, खरं त्यानं तुटलेला धागा बांधता येतोय काय?" (आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'!)

आधी एक करून बघा. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि उजवी बोटं मिटा. आत हालचाल जाणवेल. बोटं वळवणारे मोठे स्नायू पंजात नसतात, ते कोपर आणि मनगटाच्या मध्ये असतात. म्हणून मामांनी मूठ वळायचं मनात आणलं की ते स्नायू आजही आवळतात. तेव्हा त्वचेवर अगदी क्षीण वीज मिळते, फार तर काही मिलिव्होल्ट. इलेक्ट्रोड ती टिपतात, सर्किट ती वाढवतं, छोटा प्रोसेसर तिचा अर्थ लावतो आणि मोटर कृत्रिम बोटं मिटवते.

ऐकायला सोपं आहे, पण स्नायूंचा उपयोगी सिग्नल साधारण २० ते ५०० हर्ट्झमध्ये असतो आणि घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुण नेमकी त्यातच मिसळते. म्हणून दोन इलेक्ट्रोड जवळजवळ लावतात आणि दोघांत जे सारखं येतं ते वजा करतात. गुणगुण बरीचशी जाते, स्नायूचा सिग्नल उरतो. त्यात घाम आला किंवा इलेक्ट्रोड सरकला की सगळं बदलतं. त्यामुळे शरीररचना, सिग्नल प्रोसेसिंग, यंत्रशास्त्र आणि कंट्रोल हे सगळं एकत्र शिकावं लागतं. कुणाला यायचं असेल तर लक्षात ठेवा, आपल्याकडे पदवीवर 'बायोनिक्स' हे नाव क्वचितच दिसतं, 'बायोमेडिकल' शोधा. 'गेट'मध्ये २०२० पासून त्याचा स्वतंत्र पेपर आहे.

आता मामांचा धागा. गाठ मारताना विणकराच्या बोटांना धाग्याचा ताण कळतो. बहुतेक बायोनिक हातांत हुकूम जातो, पण स्पर्शाची खबर परत येत नाही. २०१३ साली युरोपातल्या संशोधकांनी एका माणसाच्या दंडातल्या मज्जातंतूंना इलेक्ट्रोड जोडले, तेव्हा कृत्रिम हाताने धरलेली वस्तू मऊ की कडक हे त्याला कळलं. पण हे अजून रोजच्या वापरात आलेलं नाही.

इथे मला जयपूर फूट आठवतो. तो डॉ. प्रमोद करण सेठी यांच्याबरोबर रामचंद्र शर्मा या कारागिराने घडवला. अनवाणी चालणारा, उकिडवा बसणारा माणूस त्यांनी समोर ठेवला. वापरणाऱ्याचं काम माहीत नसेल तर महागडा हातही कपाटात पडून राहतो.

मामांना मी खरं ते सांगितलं, "अजून नाही जमत." ते म्हणाले, "मग आधी तू गाठ मारायला शीक. बस इथं."

सुट्टीभर शिकले. दहातल्या तीन गाठी टिकतात.