नभोवाणीवरील वक्तृत्व आणि उत्तरदायित्व : फादर कॉफलिन

नभोवाणीच्या श्रोत्याला वक्ता दिसत नाही, त्याला अडवून प्रश्नही विचारता येत नाही. तरीही घरात ऐकू येणारा आवाज आप्ताचा वाटतो. या सामर्थ्याचा उपयोग आणि दुरुपयोग हे दोन्ही अमेरिकेतील फादर चार्ल्स कॉफलिन (१८९१–१९७९) यांच्या कारकिर्दीत दिसतात.

कॅनडात जन्मलेल्या या कॅथलिक धर्मगुरूंनी १९२६ मध्ये डेट्रॉइटच्या केंद्रावरून प्रवचने सुरू केली. महामंदीत बेकारी वाढली, तेव्हा प्रवचनांत बँका व धनिक यांवरील टीका आली आणि श्रोतृवर्ग लाखोंच्या संख्येने वाढला. १९३२ मध्ये रूझवेल्ट यांचा पुरस्कार करणारे कॉफलिन पुढे त्यांचेच कडवे विरोधक झाले. १९३८ मध्ये त्यांचा ज्यूद्वेष उघड झाला. त्या नोव्हेंबरात जर्मनीत ज्यूंवर हिंसक हल्ले झाले, तेव्हा नाझीवाद ही साम्यवादाविरुद्धची बचावात्मक प्रतिक्रिया आहे, असे प्रतिपादन त्यांनी केले. १९३९ मध्ये प्रक्षेपकांच्या संघटनेने वादग्रस्त विषयांसाठी वेळ विकण्यावर निर्बंध घातले. १९४० मध्ये त्यांची भाषणे थांबली. १९४२ मध्ये चर्चच्या वरिष्ठांच्या आदेशाने त्यांचे राजकीय कार्यही संपले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. मंदीने पोळलेल्या श्रोत्यांचे दुःख खरे होते. त्या दुःखाचे कारण म्हणून दाखविलेला शत्रू मात्र खोटा होता. आवाज आणि आपलेपणा तोच राहिल्याने हा बदल ओळखणे कठीण होते. म्हणूनच नभोवाणी-भाषणाचा अभ्यास करताना शैलीइतकीच विधानांची सत्यताही तपासणे आवश्यक ठरते.