स्मृतीच्या दोन वाटा

पुण्याहून निघालेल्या माउलींच्या व तुकोबांच्या पालख्या हडपसरापर्यंत एकाच वाटेनें येतात. येथें गाडीतळाशीं मात्र वाटेस फांटा फुटतो. माउली दिवेघाटानें सासवडास जातात, तुकोबा लोणी काळभोरास. हें दृश्य आम्हां हडपसरकरांच्या नित्य परिचयाचें. मनुष्याच्या स्मृतीसही असाच फांटा असतो, हें मात्र एका शेजारी स्नेह्यांच्या दुखण्यांत आम्हांस उमगलें.

स्नेही आमच्यासारखेच निवृत्त शिक्षक. दोन वर्षांपूर्वीं रक्तपुरवठा खंडित होऊन त्यांच्या मेंदूच्या डाव्या बाजूस इजा झाली. बोलणें पुष्कळसें परत आलें. परंतु सकाळीं सांगितलेला निरोप दुपारपर्यंत राहीना. उलट कालव्याकाठची फिरावयाची वाट कधीं चुकली नाहीं, आणि नवा शेजारी एकदां पाहिला कीं पुढें चेहऱ्यावरून ओळखीत. एके दिवशीं सूनबाई त्रासून म्हणाल्या, "मामंजी सोयीचें तेवढेंच लक्षांत ठेवतात!" स्नेही खालीं मान घालून बसले. आम्हांस तें पाहवेना.

वस्तुतः त्यांत लबाडी नव्हती. मेंदूच्या दोन्ही बाजूंस, कानशिलाच्या आंतल्या अंगास, 'हिप्पोकॅम्पस' नांवाचा एकेक भाग असतो. नवा अनुभव टिकाऊ करण्याचें काम त्याचें. बहुतेकांची भाषा डाव्या बाजूकडे असल्यानें ती बाजू दुखावल्यास शब्दांची आठवण ढळते. उजवी दुखावल्यास चेहरे व जागा यांची. अपस्मारावरील शस्त्रक्रियेंत एका बाजूचा भाग काढलेल्या रोग्यांत हा भेद मॉन्ट्रियलच्या ब्रेंडा मिल्नर या विदुषींनीं दाखविला. अमेरिकेंतील हेन्री मोलेसन यांच्या तर दोन्ही बाजूंचा हा भाग १९५३ सालीं काढला गेला. २००८ सालीं मृत्यु येईपर्यंत नवे प्रसंग त्यांच्या लक्षांत राहिले नाहींत. तथापि आरशांत पाहून चांदणी रेखाटण्याचें कसब त्यांचा हात शिकला. आपण हें पूर्वीं केलें आहे, एवढें मात्र आठवेना!

आमच्या स्नेह्यांची एक बाजू शाबूत होती, ही केवढी शिल्लक! आम्हीं सूनबाईंस सुचविलें कीं, निरोप तोंडीं न सांगतां जागेवर ठेवावा. आतां औषधाची डबी देव्हाऱ्यापाशीं असते, दळणाचा डबा दाराशीं. दोन्ही कामें सहसा चुकत नाहींत, आणि मामंजींस कोणी बोलत नाहीं.

वाचकांच्या घरीं असें कोणी असल्यास, रागावण्यापूर्वीं कोणती वाट बंद व कोणती खुली, हें डॉक्टरांकडून समजून घ्यावें. पंढरपूर दोन्ही वाटांनीं गांठतां येतें.